मोजे घालून आत येऊ का?

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी आयुष्यातली पहिली नोकरी धरली आणि ती लोकांच्या घरी जाऊन पिसवा शोधण्याची होती. हे वाक्य नातेवाइकांसमोर मला अजूनही सरळ उच्चारता येत नाही. लग्नकार्यात कोणी विचारलेच तर 'घरगुती कीटकांच्या पाहणीचे काम करते' असे मी म्हणते. समोरची व्यक्ती आदराने मान हलवते आणि जेवणाच्या रांगेकडे वळते.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तीस वर्षे त्या पदवीचा उपयोग झाला तो मुलांच्या वह्यांत बेडकाच्या आकृत्या काढून देण्यापुरता. मग मुले आपापल्या मार्गाला लागली, घरातली आजारपणे संपली आणि दुपारी मला फिरायला जाण्याची सवय लागली. कोपर स्टेशनच्या बाजूला एका इमारतीच्या तळमजल्यावर पेस्ट कंट्रोलचे दोन खोल्यांचे ऑफिस होते. दारावर कागद चिकटवला होता : 'पाहणीसाठी महिला पाहिजेत. शिक्षण असल्यास उत्तम.' तो कागद मी आठवडाभर रोज वाचला आणि रोज पुढे गेले. आठव्या दिवशी आतून एक तरुण बाई बाहेर आली आणि म्हणाली, "काकू, पाठ झाला असेल ना आता? आत या, चहा घ्या."

ती मालकीण. कल्याणकडच्या शेतकरी घरातली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान; पण सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणू लागले. तिने मला काम समजावून दिले. दुपारी घरात बहुधा बायका असतात, आणि दारात गमबूट घातलेला पुरुष दिसला की त्या 'संध्याकाळी या' म्हणून दार लावून घेतात. म्हणून आधी मी जायचे, कुठे काय झाले आहे ते पाहायचे आणि लिहून आणायचे. दुसऱ्या दिवशी मामांनी जाऊन फवारणी करायची. तीन महिने पारख, मग कायम.

मामा म्हणजे आमचे फवारणी करणारे. पन्नाशीचे, मूळचे चिपळूणकडचे. झुरळे, ढेकूण, वाळवी या सर्वांशी त्यांची जुनी ओळख होती, पण पिसवांविषयी ते विशेष आत्मीयतेने बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी मला बाकावर बसवले.

"काकू, पिसवेला पंख नाहीत. जमिनीवरनं उडी मारते ती घोट्यावर, फार तर पोटरीवर. म्हणजे लढाई कुठे? खाली. तोंडाला मास्क लावून काय फायदा? पांढरे मोजे घ्यायचे, गुडघ्यापर्यंतचे. पँट मोज्याच्या आत. मोज्यावर पँट नाही हां, पँटवर मोजा! पांढरे कशाला, तर चढली की दिसली पाहिजे. मच्छर पळवायचं औषध त्या मोज्यावरच मारायचं. घरात कुठे बसायचं नाही. बॅग खाली टेकवायची नाही. निघताना उजेडात पाय बघायचे, मोजे काढून पिशवीत, पिशवीला गाठ. घरी गेल्यावर कडकडीत पाण्यात. काय समजलात?"

मी सर्व काही वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले आणि महत्त्वाच्या शब्दांखाली रेघा मारल्या.

"लिहून घेतलंत ते बरं केलंत," मामा म्हणाले, "पण पिसवा वाचत नाहीत."

त्यांच्या बोलण्यातला इशारा मला महिनाभराने कळला. नियम मला तोंडपाठ होते, मात्र ते पाळण्याआधी घरच्या माणसांना काहीतरी सांगावे लागते, हे वहीत कुठेच नव्हते. आपल्याकडे चपला-बूट दाराबाहेर काढायचे, याविषयी कोणाचेच दुमत नाही आणि माझेही नाही. प्रश्न मोज्यांचा होता. घरातल्या बाईने नुकतीच फरशी पुसलेली असते. ती काळजीने म्हणते, "मोजे भिजतील हो तुमचे, काढा ना." दुसऱ्याच्या घरी गेल्यावर यजमानीण सांगेल ते करावे, या शिकवणीत मी वाढलेली. त्यामुळे मी मोजे काढत असे. बसा म्हटले की बसत असे. परत येताना माझ्या घोट्यांभोवती लाल ठिपक्यांचे पैंजण असत.

शहाडच्या घरी या शालीनतेची परमावधी झाली. नदीच्या बाजूचे ते बैठे घर चार महिने बंद होते. कुटुंब मुलाकडे राहून नुकतेच परतले होते. पिसवांचे कोश रिकाम्या घरात महिनोन्महिने पडून राहतात आणि माणसाच्या पावलांचा हादरा बसला की आतली पिसू भुकेली होऊन बाहेर येते, हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते. परीक्षेत लिहिलेही होते. तरीही त्या घरातल्या बाईंनी माझ्यासाठी म्हणून मुद्दाम फरशी पुसलेली पाहिली, तेव्हा मी मोजे काढले, पँट ओली होऊ नये म्हणून दोन घड्या वर घेतली, दिवाणावर बसून चहा-चिवडा घेतला आणि बॅग पायाशी ठेवली. चार महिन्यांच्या उपाशी मंडळींसमोर याहून चांगले ताट कोणी वाढले नसते. त्या रात्री मी एकोणीस चावे मोजले. खाजवू नये म्हणून थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि तरीही खाजवले.

दुसऱ्या दिवशी ती बॅग मी नेहमीप्रमाणे ताईच्या टेबलाशेजारी ठेवली. अर्ध्या तासाने ताई बोलता बोलता थांबली, वाकली, आणि तिने स्वतःच्या घोट्यावरून काहीतरी चिमटीत पकडले.

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "आपल्या ऑफिसात पिसू."

मामांनी छताकडे पाहिले. मी बॅगेकडे पाहिले. ताईने माझ्याकडे पाहिले.

"काकू, आपल्याला पिसवा मारायच्यात. घरोघर वाटायच्या नाहीत."

मी क्षमा मागितली. ती रागावली नव्हती, आणि तेच अधिक जड गेले. "तुम्ही लिहून आणता ते एक नंबर असतं. पण रोज चावून घेऊन येणार, वर आणखी दुसऱ्याच्या घरी घेऊन जाणार, तर कसं चालेल? तीन महिने बोललेले ना मी, त्यातला एक उरलाय. पुढच्या घरी नीट जमलं तर ठीक. नाहीतर फील्ड बंद, तुम्ही इथे बसून फोन घ्या."

फोन! अनोळखी माणसाशी फोनवर बोलण्याआधी मी आजही मनात वाक्ये जुळवून घेते. शिवाय आमच्या फोनवरची माणसे झुरळ अंगावर असतानाच बोलत असत. परंतु खरे दुःख वेगळे होते. त्या दोन महिन्यांत मला माझे शिक्षण परत सापडले होते. मिठाच्या कणांसारखी अंडी, चटईच्या विणीत वळवळणारी अळी, भिंगाखाली दिसणारी ती चपटी, तजेलदार तपकिरी पिसू. हे पाहताना मला जे वाटे, ते घरी कोणाला सांगण्यासारखे नव्हते, पण ते मला सोडायचे नव्हते. आणि सगळे अडले होते एका वाक्यापाशी : 'मोजे घालून आत येऊ का?' घरी आरशासमोर मी ते म्हणून पाहिले. प्रत्येक वेळी ते माफीसारखे ऐकू येई.

पुढचे घर बाळकुमला होते. आजूबाजूला उंच संकुले झालेली, आणि मध्ये जुन्या गावातले एक तळमजल्याचे घर अजून टिकून. सून बँकेत, मुलगा कचेरीत. दिवसभर घरात ऐंशीच्या आजी आणि त्यांचे करड्या रंगाचे मांजर. तक्रार सुनेने केली होती. दार आजींनी उघडले आणि सर्वप्रथम माझ्या पायांकडे पाहिले. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, त्यात खोचलेली पँट.

"पीटीचा तास आहे का गं?"

मी हसून काम सांगितले आणि बूट काढले.

"ये. मोरी इकडे उजवीकडे. मोजे काढ, पाय धू आणि मग आत ये. आणि हे बघ, मांजराला कोणी काही बोलायचं नाही."

हात मोज्याकडे गेलासुद्धा. मग मला ताईचे टेबल आणि त्यावरचा फोन आठवला.

"आजी," मी म्हणाले, "मी... मोजे घालून आत आले तर चालेल का?"

"बाहेरचे मोजे घालून? समोर देवघर आहे माझं!"

"बाहेरचे नकोतच," मी म्हणाले. माझ्या बॅगेत मामांच्या सांगण्यावरून ठेवलेला जास्तीचा जोड होता, आणि तो एकदम माझ्या मदतीला आला. वाक्ये जुळवायला वेळच नव्हता. ती आपोआप बाहेर पडली. "हे काढून ठेवते. पाय धुते. माझ्याजवळ दुसरा जोड आहे. उकळत्या पाण्यात धुतलेला, उन्हात वेगळा वाळवलेला, पिशवीत बंद. धुतल्यापासून त्याला कोणाचा हात लागलेला नाही. तुमच्या उंबऱ्यावरच तो घालीन. जाताना इथेच काढून पुन्हा वेगळ्या पिशवीत बांधीन, आणि घरी गेल्यावर तो धुईपर्यंत कशालाही लावणार नाही."

आजी लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे सोवळ्यातले मोजे की गं!"

सोवळेओवळे माझ्या आईनेच आमच्या घरातून हद्दपार केले होते. कोणाला दूर ठेवण्यासाठी ते वापरले गेले आहे, हे तिने आम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितले होते, आणि तिचे म्हणणे मला आजही पटते. त्यामुळे क्षणभर मी अवघडले. पण इथे दूर ठेवायच्या होत्या त्या केवळ पिसवा, आणि त्यांच्या बाबतीत आईचाही आक्षेप नसता.

"तसं म्हणा हवं तर," मी म्हणाले.

"आधी नाही का सांगायचं? आमच्या वेळी कोणाला सुचलं नाही बघ हे. ये, ये."

आयुष्यात प्रथमच कोणा परक्याच्या घरात मी मोजे घालून, आणि मानाने, प्रवेश केला.

आजी माझ्या मागोमाग. देवघरासमोर त्या मांजराची चटई होती, आणि सुनेच्या मते पिसवांचे मूळ तिथेच होते. चटईवरची काळी भुकटी मी ओल्या कापसावर घेतली. हळूहळू त्या काळ्या कणांभोवती तांबूस वलये उमटली.

"हे काय, कुंकू?"

"पिसवांची विष्ठा आहे आजी. त्यात रक्त असतं, ओलं झालं की रंग सुटतो. साधी धूळ असती तर काळीच राहिली असती."

"अगं बाई. कोणाचं रक्त?"

"बहुतेक मांजराचं. थोडं तुमचंही."

आजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. त्या घाबरतील असे मला वाटले होते. त्यांना मजा वाटली. तेवढ्यात माझ्या डाव्या मोज्यावर एक तपकिरी ठिपका चढला.

"ती बघ! ती बघ! अगं, उडाली! परत आली!"

साबणाच्या पाण्याची लहान बाटली माझ्याजवळ असतेच. पिसू तिच्यात गेली. आजी म्हणाल्या, "मलाही दे मोजे."

माझ्याकडे आणखी जोड नव्हता. आजींनी कपाट उघडले आणि मुलाचे शाळेतले, निदान तीस वर्षे जपून ठेवलेले पांढरे मोजे बाहेर काढले. नऊवारी घोट्यापासून वीतभर वर खोचली. मग आम्ही दोघींनी घरभर फेरी मारली. खोलीत शिरायचे, शंभर आकडे मोजेपर्यंत संथ चालायचे, आणि उजेडात येऊन एकमेकींचे पाय पाहायचे. देवघरासमोर एक. स्वयंपाकघरात एकही नाही. दिवाणखान्यात दोन.

"तुझ्या तीन, माझी एकही नाही," आजी नाराजीने म्हणाल्या. "म्हातारं रक्त आवडत नाही वाटतं मेल्यांना."

आजींच्या स्वतःच्या खोलीत मात्र त्यांची नाराजी संपली. पलंगाखाली जुन्या लोकरी शालीचे गाठोडे होते. मांजर दुपारी तिथे झोपते, हे सुनेला ठाऊक नव्हते. आजींना ठाऊक होते आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. तिथे पाच मिनिटांत आजींच्या मोज्यांवर सहा पिसवा चढल्या.

"माझ्या जास्त!" आजी म्हणाल्या. मग जरा थांबून, हळू आवाजात : "सूनबाईला हे गाठोड्याचं लिहू नकोस हां."

"लिहावं लागेल आजी. नाहीतर मामा नुसतं देवघरापुढे फवारतील आणि इथल्या तशाच राहतील."

"शाल लिही. मांजर लिहू नको."

मी 'पलंगाखाली लोकरी शाल' एवढेच लिहिले, आणि शेजारी कंसात 'मुख्य जागा'. कर्तव्य आणि मैत्री दोन्ही त्यात मावली असे मला वाटले.

पुढच्या सूचना देणे सोपे नव्हते. शाल गरम पाण्यात, मांजराला डॉक्टरकडून औषधाचे थेंब, रोज व्हॅक्यूम. इथवर आजी मान हलवत होत्या. पण फवारणीनंतर पंधरा दिवस भिंतीच्या कडेने आणि पलंगाखाली फडका मारायचा नाही, हे ऐकताच त्या उभ्या राहिल्या.

"घर पुसायचं नाही? मग लोकांनी काय म्हणावं?"

"मधला भाग पुसा, आजी. फक्त कडा सोडा. पुसलं की औषध जातं."

"कडाच तर दिसतात गं!"

अखेर दाराजवळच्या दोन कडा पुसायला मी मोकळीक दिली. निघताना त्यांनी पाट मांडला, हळदीकुंकू लावायला. मी उभ्यानेच घेते म्हणाले, आणि कारण सांगितले. त्यांनी पाट उचलून भिंतीला लावला आणि मला उभ्यानेच कुंकू लावले. उंबऱ्यावर उजेडात मोजे तपासले, काढले, पिशवीला गाठ मारली. ऑफिसात ताईने टॉर्च लावून माझे घोटे पाहिले. एकही ठिपका नव्हता.

"एका घराचं झालं," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी बघू. त्या वेळी मी पण येते."

दुसऱ्या दिवशी सुनेने रजा घेतली, आजी मांजरासह शेजारी जाऊन बसल्या आणि मामा फवारून आले. ते पंधरा दिवस मी बारा-तेरा घरांत विचारले, "मोजे घालून आत येऊ का?" दोन घरांत नकार मिळाला, तिथे मी दारातच उभी राहिले आणि माणसांना प्रश्न विचारून टिपणे आणली. बाकीच्यांनी मला उंबऱ्यावर जोड बदलताना पाहिले की पुरे होई. एका बाईंनी तर, "आधीच्या पेस्ट कंट्रोलवाल्यांनी असं काही केलं नव्हतं," असे कौतुकाने सांगितले. पण ताईला यातले काहीच मी सांगितले नव्हते. आपण होऊन स्वतःविषयी बोलायचे ते कसे?

ठरल्या दिवशी आम्ही तिघे बाळकुमला गेलो. ताई घाईत होती. तिने सँडल काढले आणि काळ्या मोज्यांसह उंबरा ओलांडू लागली. आजींनी काठी आडवी धरली.

"थांब. कुठले मोजे हे?"

"माझेच," ताई गोंधळून म्हणाली.

"घरून घालून आलीस?"

"हो, म्हणजे... घरूनच."

"मग नाही चालायचं. सोवळ्यातले कुठे आहेत? हिला विचार. ही कशी शिकलेली बाई आहे, आणि तुला साधं एवढं ठाऊक नाही!"

ताई माझ्याकडे वळली. "काकू, हे काय चाललंय?"

अंगणात, मामांच्या आणि शेजारच्या दोन बायकांच्या देखत, मला माझी पद्धत माझ्याच मालकिणीला समजावून सांगावी लागली. कान तापले होते. तरीही सांगितले, आणि बॅगेतून माझ्या जोडाशिवाय आणखी दोन बंद पिशव्या काढल्या. गेल्या काही दिवसांत मी जास्तीचे जोड बाळगू लागले होते. ताईने पायरीवर बसून निमूटपणे पाय धुतले आणि मोजे चढवले. मामांनी बूट काढले तेव्हा मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. आजी म्हणाल्या, "पिसवांसाठी खिडकी ठेवलीत वाटतं?" मामांनी तो मोजा घाईघाईने काढून खिशात कोंबला.

आम्ही चौघे, आठ पांढरे पाय, खोल्याखोल्यांतून संथ फिरलो. सर्वांत पुढे आजी. दिवाणखाना स्वच्छ, देवघर स्वच्छ. आजींच्या खोलीत ताईच्या पोटरीवर एक, फक्त एक, पिसू चढली. दोन आठवड्यांनी एखादी उरलेली असतेच. कोशातून उशिरा बाहेर येते. मी तसे म्हणणार होते, तोच आजींनी ताईला ते सर्व, कोशासकट, समजावून दिले. मांजर पलंगावर बसून हे पाहत होते. त्याच्या मानेवर औषधाचा ओला डाग होता आणि चेहऱ्यावर नाराजी.

परतीला आम्ही रिक्षा केली. कापूरबावडीच्या सिग्नलला ताईने विचारले, "किती जोड आणलेत तुम्ही स्वतःचे?"

"सहा."

"उद्यापासून ऑफिसचे. तीन डझन आणते. धुवायला मशीन पण लावू." मग म्हणाली, "फोनचं विसरा. महिना संपायची पण गरज नाही, कायम धरा. फक्त एक करा काकू. पुढच्या सोमवारी तीन नव्या बायका येतायत पाहणीला. त्यांना हे दाराशी कसं बोलायचं ते तुम्ही शिकवा."

तीन अनोळखी बायकांसमोर उभे राहून बोलायचे! आरसा आठवला. मी हो म्हणाले, पण रिक्षाच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेले नाही.

"काय म्हणालात काकू?" मामांनी ताईच्या पलीकडून वाकून विचारले.

"हो म्हणाले," मी मोठ्याने म्हणाले. रिक्षावाल्यानेही मागे वळून पाहिले.